गुरुवारी यंत्र गप्प राहिलं

एक

या, असे जवळ सरकून बसा. मागं भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही पुढं या, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्याची नाही. आपल्या रत्नागिरीतली आहे. हिच्यात खून नाही, दरोडा नाही. एका माणसाचा आवाज होता, तो भर दुपारी नाहीसा झाला, एवढंच. पण तो कसा गेला हे ऐकलंत तर घरी जाताना पाय जड होतील. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही मागणार आहे.

खालच्या आळीत जांभ्या दगडाची एक बसकी इमारत आहे, नामसंकीर्तन सभेची. तिथं आत्मारामबुवांनी चाळीस वर्षं कीर्तन केलं. बुवा पूर्वरंगात एखाद्या अभंगाला हात घालायचे आणि आख्यान संपेपर्यंत श्रोत्यांना मांडी बदलायची शुद्ध राहायची नाही. बुवा चार वर्षांपूर्वी देवाघरी गेले. मागं राहिल्या एकशे चौऱ्याऐंशी कॅसेटी, बुरशी धरलेल्या.

सभेनं एक कॉम्प्युटर घेतला. कॅसेटीतला आवाज त्यात उतरवायचं काम भागोजी मांडवकरनं अंगावर घेतलं. भागोजी म्हणजे बुवांचा तबलजी. बायको गेल्यापासून सभेच्याच मागच्या खोलीत राहायचा. दोन वर्षं तो रोज सकाळी टेपरेकॉर्डरपुढं बसे. एक कॅसेट उतरली, की ती तो भाट्याच्या खाडीवर नेई आणि फूल वाहून पाण्यात सोडी. भंगलेली मूर्ती आपण जशी सोडतो, तशी. बुवांचा आवाज जिच्यात राहिला ती वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? सभेत कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. तुम्हाला-मला तरी वाटलं असतं का?

उत्सव आठ दिवसांवर आला होता. उत्सवात बुवांचं एक अख्खं कीर्तन लोकांना ऐकवायचं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी सभेचे कार्यवाह हरिश्चंद्र शेट्ये ते निवडायला कॉम्प्युटरपुढं बसले. पडद्यावर ज्या कप्प्यात सगळी कीर्तनं असत, तो कप्पाच तिथं नव्हता. रिकामा झालेला नव्हता. नव्हताच. शेजारी नकलेची एक डबी होती, ती रोज रात्री कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची हुबेहूब नक्कल उतरवून घेई. गुरुवारी रात्रीही तिनं इमानानं तेच केलं होतं, आणि तो कप्पा तिच्यातूनही गेला होता.

कॅसेटी खाडीत आणि कीर्तनं कुठेच नाहीत.

हरिश्चंद्रभाऊंनी भागोजीला हाक मारून एकच प्रश्न विचारला: काल दुपारी यंत्रातून काही काढून टाकलंस का? भागोजी हो म्हणाला. भाऊंनी पुढचं ऐकलंच नाही. शनिवारी पाच वाजता सभा बोलावली. विषय दोन होते: भागोजी मांडवकर यांच्या हातून झालेली हानी, आणि मागची खोली रिकामी करून घेणे.

दोन

मालन सुर्वे तीस वर्षं जिल्हा कोर्टात स्टेनो होत्या. साक्षीदार बोलायचा आणि मालनताईंची पेन्सिल कागदावर सरसरत जायची. वकील विसरत, न्यायाधीश विसरत. मालनताईंच्या वहीत मात्र माणूस जे बोलला तेच असे, तो काय बोलला असावा ते नसे. निवृत्तीनंतर त्यांचा एकच नेम होता, कीर्तनाला पहिल्या रांगेत, खांबाजवळ.

शुक्रवारी दहा वाजता त्या सभेत आल्या तेव्हा भागोजी पायरीवर बसला होता. त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं फक्त आपले दोन्ही हात उलटे करून दाखवले, जणू त्यांच्यावर काही लागलं होतं. मालनताईंनी पिशवीतून वही काढली.

त्या प्रथम भाऊंकडे गेल्या. भाऊ घाम पुसत होते. भागोजी म्हातारा झालाय, डोळ्यांना धड दिसत नाही, कुठलं तरी बटण दाबलं असेल, असं ते सांगत राहिले. कच्च्या प्रती काढून टाकायचं काम त्याच्याकडेच होतं, हेही सांगितलं. कॅसेट उतरवली की आधी कच्ची प्रत तयार होई. मग ती स्वच्छ करून पक्की प्रत मोठ्या कप्प्यात ठेवायची आणि कच्ची काढून टाकायची. कप्प्याचं नाव होतं बुवा-संग्रह.

मालनताईंनी विचारलं, या आठवड्यात यंत्राच्या खोलीत आणखी कोण कोण गेलं होतं.

"कोणी नाही," भाऊ म्हणाले. आणि न विचारता पुढं म्हणाले, "मंगळवारी तर खोली बंदच होती. भागोजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. मी इथंच होतो, दिवसभर. हललोसुद्धा नाही."

पेन्सिल क्षणभर थांबली. गोष्ट घडली होती गुरुवारी. मंगळवारचं तर कुणी काहीच विचारलं नव्हतं.

तीन

दुपारी हर्षदबुवा जोगळेकर आले. आत्मारामबुवांचा हा पट्टशिष्य. वय पस्तिशीचं, गळा गोड, फेटा बांधला की चेहऱ्यावर तेज येई. मोबाइलवर हजारो लोक त्यांची कीर्तनं बघत. हातखंब्याच्या तिठ्यावर त्यांचा मोठा फ्लेक्स लागला होता: उत्सवाच्या दिवशी हर्षदबुवांच्या बारा स्वरचित आख्यानांचं प्रकाशन.

सोमवारपासून संगमेश्वरला सप्ताह चालला होता, आज सकाळी भाऊंचा फोन आला आणि तसाच निघालो, असं ते म्हणाले. आत पाऊल टाकताच त्यांनी बुवांच्या फोटोपुढं डोकं टेकलं. उठले तेव्हा डोळे भरलेले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. मालनताईंनी हे वहीत लिहिलं नाही, पण मनात नोंदवलं. कोर्टात त्यांनी खरी आसवं पुष्कळ पाहिली होती, कधीकधी आरोपीच्या पिंजऱ्यातही.

"काकू, मी कुणाला दोष देत नाही," हर्षदबुवा म्हणाले. "भागोजीकाकांनी मला मांडीवर घेऊन ठेके शिकवलेत. यंत्रावरचं त्यांचं कामही मी शेजारी बसून कितीदा पाहिलंय. त्यांनी एंटर दाबलं असेल आणि सगळं गेलं असेल. रोज कुरकुरणारं ते यंत्र, काल हूं की चूं केलं नाही त्यानं. मुकाट्यानं गिळून बसलं."

सभेत काकांना कुणी कठोर बोलू नये, खोलीचा विषय तरी मागं घ्यावा, असं त्यांनी हात जोडून भाऊंना सांगितलं. भाऊंनी मान खाली घातली.

मालनताईंनी सगळं उतरवून घेतलं, आणि कच्च्या प्रती काढून टाकायचा यंत्रातला छोटा प्रोग्राम कुणी लिहिला होता ते विचारलं. दिशानं, भाऊ म्हणाले. आणि आवाज उतरवून म्हणाले, ती पोरगी सकाळपासून फोन उचलत नाहीये.

चार

दिशा नागवेकर एका खासगी कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. लहानपणी आजोबांबरोबर कीर्तनाला यायची, त्या ऋणापोटी तिनं सभेचं काम फुकट केलं होतं. मालनताई तिच्या घरी पोचल्या तेव्हा ती ओट्याशी उभी होती आणि दूध उतू जाऊन गॅसवर सांडत होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

मालनताईंनीच गॅस बंद केला. तेव्हा दिशा एकदम म्हणाली, "मावशी, चूक माझी आहे. काकांची नाही."

भागोजीला माऊस जमत नसे. म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिनं ते सोपं करून दिलं होतं. पडदा विचारी, काय काढून टाकायचं? भागोजी नाव टाइप करी, एंटर दाबी. प्रोग्राम ते नाव घेऊन यंत्राच्या काढून टाकणाऱ्या आज्ञेच्या हाती देई. त्या देण्यातच चूक होती.

मालनताईंनी सांगितलं, मला कळेल असं सांग.

दिशानं विचार केला. "देवळात आपण बुक्का आणि फूल एका कागदात बांधून दिलं, तर पुजारी ती एक पुडी म्हणून घेतो. सुटं ओंजळीत टाकलं तर त्याच्या लेखी दोन वस्तू. यंत्राचंही तसंच. नावात मधे मोकळी जागा दिसली की ते तिथं तोडतं आणि दोन नावं धरतं. दोन्ही मिळून एकच आहे हे सांगायला नावाच्या दोन बाजूंना अवतरणचिन्हं द्यायची असतात. पुडीला दोरा बांधतात तशी. मी बांधला नाही. घाई होती. काकांना सांगितलं, की नावात मोकळी जागा सोडू नका, शब्द आडव्या रेघेनं जोडा. ते तसंच करायचे. कच्ची-प्रत-अमुक, कच्ची-प्रत-तमुक."

मग भ्यायचं काय कारण, मालनताईंनी विचारलं.

यंत्र टाइप केलेली प्रत्येक ओळ आपल्या वहीत वेळेसकट लिहून ठेवतं, दिशा म्हणाली. सकाळी बातमी कळल्यावर घरूनच तिनं ती वही उघडली होती. गुरुवारी तीन वाजून वीस मिनिटांनी काकांनी टाइप केलेली ओळ तिनं बघितली आणि वही बंद केली. पुढं बघायचं धाडस झालं नाही.

"काय होतं त्या ओळीत?"

"श्री. मग मोकळी जागा. मग कच्ची-प्रत-एकशे-चौऱ्याऐंशी."

मालनताईंनी ती ओळ वहीत उतरवली. कोऱ्या कागदावर आधी श्री काढल्याशिवाय त्यांनी स्वतः कधी पत्र लिहिलं नव्हतं. खालच्या आळीत कुणीच लिहिलं नव्हतं. भागोजीला आठ महिने रोज कोरा पडदा समोर दिसत होता.

"म्हणजे यंत्रानं दोन वस्तू काढल्या," त्या हळूच म्हणाल्या. "एक कच्ची प्रत. आणि दुसरी, श्री नावाची. पण कप्प्याचं नाव तर बुवा-संग्रह होतं ना?"

दिशानं मान वर केली. भीतीपायी हा विचार तिच्या डोक्यात शिरलाच नव्हता.

पाच

भागोजी सभेत नव्हता. पायरीवर त्याच्या चपला होत्या.

मालनताई खाडीवर गेल्या. भरती लागली होती. कॅसेटी सोडायचा त्याच जागी भागोजी गुडघाभर पाण्यात उभा होता आणि पाण्याकडे बघत होता. पाणी चढत होतं, तो हलत नव्हता. धोतराचा सोगा पाण्यावर तरंगत होता.

त्यांनी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

"भागोजी," त्या म्हणाल्या, "मला एका गोष्टीची साक्ष हवी आहे. तुझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. बाहेर ये."

साक्ष हा शब्द ऐकून असेल, किंवा कुणी तरी आपल्याकडून काही मागतंय हे ऐकून असेल, तो वळला. काठावरच्या कातळावर ओला बसला. मालनताईंनी वही उघडली. त्यांनी त्याला तू काय केलंस हे विचारलंच नाही. रोज काय करतोस, ते विचारलं.

"रोज बसतो," भागोजी म्हणाला. "आदी श्री लिवतो. बुवांनी लावलेली सवय, मोडायची कशी? मग पोरीनं सांगितलेलं नाव लिवतो. आनि एंटर. यंत्र आदी कुरकुरायचं. लिवून दाखवायचं, श्री, असं काही इथं नाही. पोरीनं त्याला मराठी शिकवलंय न्हवं. मग गुमान माजं काम करायचं. मी हसायचो. म्हनायचो, तुला न्हाय दिसत रे बाबा, पन काम तर त्याच्याच नावानं व्हतंय."

"आणि गुरुवारी?"

भागोजीनं धोतराचा सोगा पिळला. "बुधवारी डोळ्यांत औषध घातल्यालं, बसलोच न्हाय. गुरवारी न्हाय कुरकुरलं. एक अक्षर न्हाय. मना वाटलं, आज पटलं वाटतं त्याला."

खाडीवरून वारा आला आणि वहीचं पान फडफडलं. मालनताईंनी ते बोटानं दाबून धरलं. आठ महिने यंत्राला श्री सापडत नव्हता, म्हणून ते बोलत होतं. गुरुवारी ते बोललं नाही. म्हणजे गुरुवारी श्री तिथं होता. कुणी तरी आणून ठेवला होता. बुवांची सगळी कीर्तनं त्या नावाखाली कुणी तरी नीट मांडून ठेवली होती आणि भागोजीच्या देवभोळ्या बोटांची वाट बघत बसलं होतं.

त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. यंत्र गुरुवारी कुरकुरलं नाही, हे तू आजवर कुणाला सांगितलंस?

"कुनाला सांगू? भाऊंनी येकच इचारलं, दाबलंस का न्हाय. तुमीच पयल्या."

मालनताईंनी वहीची मागची पानं उलटली. दुपारी लिहिलेली एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग भागोजीला हाताला धरून उठवलं.

सहा

शनिवारी सकाळी दिशा सभेच्या यंत्रापुढं बसली. तिनं यंत्राची वही उघडली आणि या वेळी मागं मागं गेली. मंगळवारच्या दुपारी तीन ओळी होत्या.

तीन वाजून पाच मिनिटं: कुणी तरी श्री नावाचा एक रिकामा कप्पा बनवला होता. तीन वाजून आठ मिनिटं: भागोजीच्या प्रोग्राममध्ये कुणी तरी टाइप केलं होतं, श्री चाचणी. तो रिकामा कप्पा गेला होता. तीन वाजून चौदा मिनिटं: बुवा-संग्रह हे नाव बदलून श्री केलं होतं.

"आधी करून बघितलंय," दिशा म्हणाली. "मावशी, आधी करून बघितलंय त्यानं."

एखादा स्वयंपाकी मीठ चाखून बघतो तसं. पण यंत्राच्या वहीत वेळ असते, नाव नसतं. सभेच्या यंत्राला सगळे एकाच नावानं उघडत.

त्या भाऊंच्या टेबलाशी जाऊन बसल्या. कोर्टात वकील साक्षीदाराला कोंडीत धरतो तसं त्यांनी काही केलं नाही. एवढंच म्हणाल्या, की काल तुम्ही मंगळवारचं न विचारता सांगितलंत. आणि आज पाच वाजता तुम्ही एका निरपराध माणसाला बाहेर काढणार आहात, देवासमोर.

भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, मंगळवारी जेवल्यावर ते घरी जाऊन झोपले होते. सभेच्या वेळेत. कार्यवाह असून. अडीच वाजता दारात हर्षदबुवा आले. म्हणाले, संगमेश्वरहून दोन तासांसाठी आलोय, बुवांचा आवाज ऐकावासा वाटतोय, किल्ली द्या. भाऊंनी खाटेवरूनच किल्ली दिली. शुक्रवारी गोंधळ झाल्यावर हर्षदबुवांनी फोनवरच सांगितलं होतं, की तुमच्या झोपेचं मी कुणाला बोलणार नाही, तुम्ही माझ्या येण्याचं बोलू नका.

"मला वाटलं, लाज झाकली," भाऊ म्हणाले. "मालनताई, मी दुसरं काय झाकलं हो?"

का, एवढाच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर भागोजीनं दिलं, तेही विचारल्यावर. हातखंब्याच्या फ्लेक्सवर जी बारा आख्यानं होती, त्यांची नावं मालनताईंनी त्याला वाचून दाखवली. भागोजी प्रत्येक नावाला मांडीवर बोटं टेकवत गेला आणि बुवांनी ते आख्यान कुठल्या साली, कुठल्या गावी लावलं होतं ते सांगत गेला. खेडला, देवरुखला, इथं. साक्या कुठल्या, दिंड्या कुठल्या, भरभर म्हणायचा कटाव कुठं यायचा. बाराच्या बारा.

तू बोलला का नाहीस, त्यांनी विचारलं.

"तबलजीला कोन इचारतो, ताई."

सात

पाच वाजता सभागृह भरलं. हर्षदबुवा पहिल्या रांगेत, भागोजीच्या शेजारी बसले होते, आणि त्यांनी भागोजीचा हात हातात घेतला होता. भाऊंनी विषयपत्रिका हातात घेतली, पण ती न वाचताच मालनताईंकडे पाहिलं. तेव्हा मालनताई उभ्या राहिल्या.

त्यांनी कुणावर आरोप केला नाही. यंत्र समोर आणवलं, आणि भागोजीला म्हणाल्या, बस, रोज करतोस तेच कर. दिशानं एक खोटी कच्ची प्रत करून ठेवली होती. भागोजीनं श्री लिहिलं, जागा सोडली, नाव लिहिलं. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांनी वाचलं: श्री, असं काही इथं नाही. खोटी प्रत मात्र गेली.

मग दिशानं खोटी प्रत पुन्हा केली आणि श्री नावाचा एक कप्पा केला, त्यात एक फूल काढलेलं चित्र ठेवलं. भागोजीनं पुन्हा तेच केलं. या वेळी पडदा गप्प राहिला. कप्पाही नव्हता, फूलही नव्हतं. सभागृहात कुणी तरी श्वास ओढल्याचा आवाज आला.

तिसऱ्या वेळी दिशानं दोन्ही पुन्हा मांडून ठेवली आणि प्रोग्राममध्ये दोन लहान चिन्हं घातली, नावाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. भागोजीनं पुन्हा तेच टाइप केलं. यंत्रानं पूर्ण ओळ एकच नाव म्हणून घेतली, या नावाचं काही इथं नाही असं सांगितलं, आणि कशालाही हात लावला नाही. दिशा खाली बघत म्हणाली, एवढंच करायचं राहिलं होतं माझ्याकडून. पडद्याच्या माथ्यावर तिनं श्री कायमचं लिहून ठेवलं होतं, म्हणजे काकांना ते पुन्हा लिहावं लागणार नव्हतं.

मालनताईंनी मग यंत्राच्या वहीतल्या मंगळवारच्या तीन ओळी वाचल्या. भाऊ उभे राहिले आणि किल्ली कुणाला दिली ते सगळ्यांसमोर सांगितलं, स्वतःच्या झोपेसकट.

हर्षदबुवांनी भागोजीचा हात सोडला नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "मी मंगळवारी आलो होतो. कप्प्याला श्री नाव दिलं, हेही खरं. गुरूच्या आवाजाला देवाचं नाव देणं हा गुन्हा आहे का?"

क्षणभर सभागृह डळमळलं. वाक्य इतकं सोज्वळ होतं.

"नाही," मालनताई म्हणाल्या. "पण नाव देण्याआधी सहा मिनिटं तुम्ही एक रिकामा कप्पा त्याच वाटेनं घालवून बघितलात. आणि काल मला तुम्ही म्हणालात, वाचते: रोज कुरकुरणारं ते यंत्र, काल हूं की चूं केलं नाही त्यानं. त्यातला काल म्हणजे गुरुवार, आणि गुरुवारी तुम्ही संगमेश्वरला होतात. भागोजीनं ही गोष्ट तोवर कुणालाही सांगितली नव्हती. यंत्र त्या दिवशी गप्प बसणार, हे ते गप्प बसण्याआधी ठाऊक असलेला माणूस एकच असू शकतो, हर्षदबुवा."

बाहेर एक रिक्षा गेली, तिचा आवाज दूर जाईस्तोवर ऐकू आला.

भागोजीनं आपला हात सोडवून घेतला. रागानं नाही. मांडीवरून झोपलेलं मूल बाजूला ठेवावं, तसा.

तेव्हा हर्षदबुवांचा चेहरा मोडला. ते फोटोकडे न बघता म्हणाले, लोक मला म्हणतात, बुवा, हे तुम्हाला कसं सुचतं. हे माझं नाही, असं मी एकदाही म्हणालो नाही. मग म्हणता आलं नाही. आणि उत्सवात आमच्या बुवांचा आवाज लागणार होता.

"मला वाटलं," ते म्हणाले, "आवाज गेला की शब्द माझे होतील."

भाऊंनी विषयपत्रिका टराटरा फाडली. नवा ठराव मालनताईंनीच उतरवून घेतला: भागोजी निर्दोष, आणि मागची खोली हयातभर त्याची. बारा आख्यानांखाली बुवांचं नाव हर्षदनं स्वतःच्या हातानं लिहावं, असं ठरलं. त्यानं लिहिलं. एकेक नाव, बारा वेळा. मग तो मागच्या दारानं गेला. संगमेश्वरचा सप्ताह त्यानं पुरा केला नाही.

आठ

आवाज परत आला नाही. दिशानं चार दिवस डबी खरवडली. एका जागी बुवांचा खोकला मिळाला, एका जागी अर्धी टाळी. बाकी काही नाही. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

उत्सवाचा दिवस आला. पत्रिकेत छापलेलं होतं, सायंकाळी आत्मारामबुवांचं कीर्तन. लोक आले होते, कारण लोकांना दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. व्यासपीठावर बुवांची जागा, पुढं समई, जागा रिकामी. भागोजी डाव्या अंगाला, नेहमीच्या ठिकाणी तबला घेऊन बसला. पेटीवाल्याला त्यानं हातानं थांब म्हटलं.

आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली. एकटा. पूर्वरंगाचा संथ ठेका, अभंग म्हणून झाला की जिथं बुवा निरूपणाला थांबायचे तिथं थांबला. बुवा जेवढा वेळ बोलायचे तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसला. पुन्हा ठेका. बुक्का लावायच्या वेळी थांबला, आणि कुणी न सांगता लोकांनी एकमेकांना बुक्का लावला. मग आख्यान. दिंडीला दिंडीचा, साकीला साकीचा, कटाव आला तेव्हा बोटं दिसेनाशी झाली. दीड तास. शब्द एकही नाही. पण मालनताईंनी खांबापासून मान वळवून पाहिलं, तर म्हाताऱ्या श्रोत्यांचे ओठ हलत होते, सगळ्यांचे एकाच वेळी. आणि बुवा एका ठिकाणी हमखास हसवायचे, तिथं भागोजीनं हात वर उचलून धरला तेव्हा सगळं सभागृह हसलं, आणि हसता हसता रडलं.

भागोजी गेल्या चैत्रात गेला. झोपेत, आपल्या खोलीत.

तर माझं मागणं एवढंच. कीर्तन संपतं, आपण उठतो, बुवांच्या पायांशी वाकतो आणि चपला शोधायला लागतो. पुढच्या खेपेला क्षणभर थांबा. डाव्या अंगाला एक माणूस घाम पुसत तबल्यावर गवसणी चढवत असेल. त्याला नमस्कार करा, त्याचं नाव विचारा, आणि मनातल्या मनात आमच्या भागोजी मांडवकरची आठवण काढा.